पांघरूण

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे १०:१२, नीतिसूत्रे २८:१३, १ पेत्र ४:७-११



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, लोखंडी पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावरच्या गाठोड्यात, एक गोधडी असेल. नोकरीधंद्याच्या निमित्ताने आपण इंदूरला गेलो, बडोद्याला गेलो, हैदराबाद-दिल्लीला जाऊन राहिलो. पण आजीने शिवलेली गोधडी सामानाबरोबर आलीच. कोणी तिला वाकळ म्हणतात. बंगाली शेजारणीकडे तशाच वस्तूला कांथा म्हणतात, बिहारकडे सुजनी. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया, ज्यांत ख्रिस्ती भगिनीही पुष्कळ आहेत, गोधडी शिवून झाली की चारही कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांचे त्रिकोण बसवतात. त्यांना त्या फुले म्हणतात. ती फुले नसली तर गोधडी उघडीनागडी राहिली असे त्या मानतात. दुसऱ्याला झाकण्यासाठी केलेली वस्तू स्वतःही उघडी राहू नये, ही जाणीव मला फार मोलाची वाटते.

आज मला आपल्याशी या पांघरुणाविषयीच बोलायचे आहे. विषय घरगुती आहे, पण तो मला पवित्र शास्त्रातील एका कठीण शब्दापाशी घेऊन गेला, आणि त्या शब्दाने मला माझ्याच दाराशी आणून उभे केले.

माझ्या आईला आम्ही चार मुले आणि नऊ नातवंडे. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) एका कोरडवाहू गावात तिचे आयुष्य गेले. १९७२ च्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला जात असे. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो व बाभळीच्या विरळ सावलीत वाकळेवर निजलेला असे, असे ती सांगत असे. तिचे शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत झाले होते. पहाटे चूल, झाडलोट, भाकरी, मग शेळ्या, मग शेत. आणि दुपारी सारे निजले की ओळीखाली बोट धरून एक अध्याय. बोट पुढे सरकले नाही तर ती थांबे. पुष्कळ वेळा ते अर्धा-अर्धा तास एकाच ठिकाणी असे.

गोधड्या ती उन्हाळ्यात शिवी, पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत. जुने नऊवारी लुगडे दुहेरी करून जमिनीवर अंथरायचे. त्यावर धुऊन वाळवलेल्या कपड्यांचे तुकडे असे पसरायचे की कोठे पोकळ राहू नये. वरून पुन्हा लुगडे. आणि मग स्वतःच त्यावर बसून कडेने धावदोरा घालीत आत-आत सरकत जायचे. नवे कोरे कापड ती कधी घालीत नसे. नवे कापड धुतल्यावर आटते आणि भोवतीच्या जुन्या, विरलेल्या कापडाला ओढून फाडते. ज्या स्त्रीने गोधडी शिवली आहे, तिला मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील ठिगळाचा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. आम्हा भाषांतरकारांना मात्र त्या एका ओळीवर दोन बैठका घालवाव्या लागल्या होत्या.

पुढे तिला मोतीबिंदू झाला. तेव्हा सुट्टीला आलेल्या नातवंडांनी खेळायला जाण्यापूर्वी प्रत्येकी पाच सुयांत दोरा ओवून ठेवावा, असा तिने नियम केला. त्या सुया उशीला टोचलेल्या असत व दिवसभरात एकेक करून संपत. मी एकदा तिला विचारले, "शिवताना तू त्या लेकरासाठी प्रार्थना करतेस का?" मी तेव्हा नुकताच ईशज्ञानाची पदवी घेऊन आलो होतो आणि मला एक चांगला दृष्टांत हवा होता. ती म्हणाली, "न्हाई, टाके मोजते. चुकलं की उसवावं लागतं."

तिचा आणखी एक नियम होता. प्रत्येक गोधडीत चारही घरांचे कापड असलेच पाहिजे. नातवंड कोणाचेही असो. ती चौघांकडे एकेक जुने वस्त्र मागे. माझ्या वडिलांचे निधन १९९६ साली झाले. त्यांची दोन धोतरे तिने जपून ठेवली होती, आणि त्यानंतरच्या प्रत्येक गोधडीत त्यांतली वीतभर पट्टी जाई. धोतर किती दिवस पुरवायचे याचा तिचा काही हिशेब असावा. शेवटच्या नातवंडापर्यंत ते पुरले.

आता त्या शब्दाकडे वळतो.

पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो की, विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर एकनिष्ठेने प्रीती करावी, कारण प्रीती पुष्कळ पापे झाकते. हे तो नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायातून घेतो. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरीने १८११ साली मराठी नवा करार छापला, पंडिता रमाबाईंचे बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे कितीतरी हात या वचनावरून फिरले. भाषांतर हेही जुन्यातूनच शिवले जाते. आमच्या गटात मी एकदा सुचवले की, 'झाकणे' हा शब्द कोरडा वाटतो; घरगुती मराठीत प्रीती पापांवर 'पांघरूण घालते' असे का म्हणू नये? मला आईच्या गोधड्या आठवत होत्या. सर्वांना ते आवडले.

आमची पद्धत अशी की, मसुदा तयार झाला की तो गावातील साध्या श्रोत्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकायचे. एका गावी मी ही ओळ वाचली. एक वृद्ध गृहस्थ मान डोलावून हसले व म्हणाले, "म्हणजे मोठ्या घरच्या पोरानं काही केलं की वरच्यावर मिटवत्यात, तसंच ना साहेब?" बाकीचेही हसले. ती ओळ आम्ही त्याच संध्याकाळी बदलली. आपल्या भाषेत 'पांघरूण घालणे' म्हणजे लबाडी लपवणे, प्रकरण दडपणे. पेत्राला ते म्हणायचे नव्हते.

पण मग त्याला काय म्हणायचे होते? तेव्हा मी इब्री शब्दाकडे गेलो. नीतिसूत्रे १०:१२ मध्ये क्रियापद आहे 'कासा', म्हणजे झाकणे. प्रीती सर्व अपराध झाकते. आणि नीतिसूत्रे २८:१३ मध्ये, जो आपले दोष झाकतो त्याचे बरे होत नाही असे म्हटले आहे, तेथेही क्रियापद 'कासा'च आहे. एकाच पुस्तकात, एकाच शब्दाने, एक झाकणे स्तुत्य व दुसरे निषिद्ध! बत्तिसाव्या स्तोत्रात तर दोन्ही एकाच पानावर आहेत. पहिल्या ओवीत ज्याचे पाप झाकले गेले तो धन्य. आणि पाचव्या ओवीत दावीद कबूल करतो की, मी आपले पाप झाकून ठेवले नाही. वाचकहो, हे दोन ठिकाणचे कर्ते कोण आहेत ते पाहा. स्वतःचे पाप स्वतः झाकणारा वाळत जातो, रात्रंदिवस कण्हतो. जो ते उघड करतो, त्याचे दुसरा कोणी झाकतो. स्वतःचे पांघरूण स्वतः ओढून घेता येत नाही. ते दुसऱ्याच्या हाताने अंगावर यावे लागते.

हे मी टिपणवहीत सुबक अक्षरात लिहून ठेवले. लिहिले तेव्हा माझ्या घरात काय चालले होते, ते आता सांगतो. सांगण्यापूर्वी मी माझ्या धाकट्या भावाची परवानगी मागितली. तो फोनवर थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माझं लिही. पण दादा, तुझंही लिही."

१९९८ साली कांद्याचे भाव कसे चढले होते, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वर्षी आमच्याकडे ज्यांच्या चाळीत कांदा होता त्यांची घरे उभी राहिली. माझा भाऊ तेव्हा गावच्या मंडळीचा खजिनदार होता. उपासनामंदिराच्या छपरासाठी जमलेला निधी त्याच्याकडे होता. पुढल्या हंगामात त्याने त्यातले अडतीस हजार रुपये उचलले, कांदा घेऊन ठेवला, आणि भाव येताच पैसे परत ठेवायचे ठरवले. भाव आला नाही. कांदा सडला. २००० सालच्या पावसाळ्यात, छपराचे पत्रे आणायची वेळ आली तेव्हा, तो एका रात्री आईजवळ येऊन रडला. मी त्या दिवशी घरी होतो.

आमचे एक नातलग, मंडळीतले वजनदार गृहस्थ, दुसऱ्याच सकाळी आले. त्यांचा सल्ला असा की, बभ्रा करू नये, हिशेबाची वही थोडी मागेपुढे करता येईल, घराण्याचे नाव आहे, थोरला मुलगा देवाच्या कामात आहे, पांघरूण घाला. आई भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "पांघरूण थंडीवर घालत्यात, दाजी. चोरीवर न्हाई."

त्या रविवारी भावाने उपासनेनंतर उभे राहून सर्व सांगितले. आई स्त्रियांच्या बाजूला, पहिल्या ओळीत, डोक्यावर पदर घेऊन ताठ बसली होती. सोमवारी तिने आपल्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या. त्यातून निम्म्याहून अधिक रक्कम आली. उरलेली रक्कम भावाने सुरतेला जाऊन, कापडाच्या कारखान्यात काम करून, २००६ पर्यंत फेडली. मंडळीने त्याला क्षमा केली. तशी नोंद इतिवृत्तात आहे आणि मी ती वाचली आहे.

मी मात्र त्याला क्षमा केली नाही. भावाने पाप उघड करावे, या मताशी मी ठाम होतो व ते मत योग्यच होते. आजही मी तेच म्हणेन. मंडळीच्या पैशाचा घोटाळा दडपणे ही प्रीती नव्हे, आणि आपल्या मंडळ्यांत असे दडपणे फार होते, हे आपण जाणता. पण जे एकदा सांगायचे होते ते मी सांगतच राहिलो. अधिवेशनांत, उपासनांत, तरुणांच्या शिबिरांत माझा तो आवडता दृष्टांत झाला. "एका मंडळीत एक खजिनदार होता..." नाव मी घेत नसे. नगर जिल्ह्यात नाव घ्यायची गरज नव्हती. मी त्याच्या घरी गेलो नाही, त्याच्या लग्नाला गेलो नाही. माझ्या या वागण्याला मी तत्त्व म्हणत असे. आता मला दिसते की, तेच माझे पांघरूण होते. मी ते स्वतःच शिवले आणि स्वतःवर ओढून घेतले.

एका अधिवेशनाला आई आली होती. मांडवात ताडपत्रीवर बायकांमध्ये बसून तिने तो दृष्टांत ऐकला. रात्री घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "खरं सांगितलंस. पण किती येळा सांगणार?"

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला, ही गोष्ट आपण मुलांना सहसा सांगत नाही. हामाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. त्याने सांगितले ते खोटे नव्हते. शेम व याफेथ यांनी वस्त्र घेतले, दोघांनी ते खांद्यांवर धरले आणि पाठमोरे चालत जाऊन बापाला झाकले. त्यांची तोंडे दुसरीकडे होती. येथेही क्रियापद 'कासा'च आहे. नोहा प्याला नव्हता, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. शुद्धीवर आल्यावर त्याला सर्व कळलेच. त्यांनी फक्त उघड्या माणसाला वस्त्र दिले आणि ते देताना पाहिले नाही. उपदेशक या नात्याने ही गोष्ट मी किती वेळा वाचली होती! आपण शेमाच्या बाजूचे आहोत, असे मी दर वेळी गृहीत धरले होते.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात, गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत कर, असा नियम आहे. कारण तेवढेच त्याचे पांघरूण. तो निजेल कशात? तेथे पांघरुणाला जो शब्द आहे तो याच धातूपासून आलेला आहे. देणे खरे आहे, गहाणही कायदेशीर आहे. पण रात्र पडण्यापूर्वी पांघरूण त्याच्या अंगावर गेले पाहिजे. मी माझ्या भावाचे पांघरूण तेरा वर्षे गहाण ठेवून घेतले होते.

२००३ च्या मे महिन्यात मी सुट्टीला गावी गेलो असता आईने माझ्याकडे जुना सदरा मागितला. ईशज्ञान विद्यालयातल्या दिवसांतला माझा एक सदरा होता, पांढऱ्यावर निळ्या रेघांचा, खिशावर शाईचा डाग पडलेला. तो मी दिला. कोणासाठी, हे मी विचारले नाही. विचारले असते तर तिने सांगितले असते, ती खोटे बोलत नसे. मी समजलो की बहिणीच्या धाकट्यासाठी असेल. मार्च महिन्यात सुरतेला भावाला मुलगी झाली होती, हे मला कळले होते; पण माझ्या हिशेबात ती धरलेली नव्हती.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, आई गोधडीचे गाठोडे घेऊन एकटी एसटीने नाशिकला गेली आणि तेथून दुसरी गाडी धरून सुरतेला. तिला घाटात गाडी लागत असे. ही हकिगत मला फार नंतर समजली. त्याहूनही उशिरा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या मुलाची गोधडी १९९९ ची, म्हणजे ते सारे घडण्यापूर्वीची. तिच्यात आईच्या नियमाप्रमाणे भावाच्याही सदऱ्याचा तुकडा होता, तपकिरी चौकड्यांचा. ज्याचे नाव मी घरात घेऊ देत नव्हतो, त्याच्या सदऱ्याखाली माझा मुलगा रोज रात्री निजत होता, आणि माझी पत्नी ते जाणत होती. ती मला काही बोलली नाही. गोधडी तेवढी दर दिवाळीला धुऊन वाळत घाली.

जानेवारी २०१४ मध्ये आई प्रभूमध्ये झोपी गेली. नगरची जानेवारीतली थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना ती सांगायला नको. दफन दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. चारही घरे गोळा झाली होती, अंथरूण-पांघरूण पुरत नव्हते. नातवंडांनी मात्र आपापल्या गोधड्या बरोबर आणल्या होत्या. कोणी तसे ठरवले नव्हते. थंडीच्या दिवसांत आजीकडे जायचे तर गोधडी घेऊन जायची, एवढीच त्यांना सवय होती. आतल्या खोलीत आई होती आणि बाहेर पडवीत त्या नऊ गोधड्या ओळीने पसरल्या होत्या. सगळीकडे तीच लुगडी, तीच धोतराची पट्टी.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापोची दुर्कस मरण पावते. पेत्र माडीवर येतो तेव्हा सर्व विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवतात. मूळ ग्रीकमध्ये 'दाखवतात' हे क्रियापद अशा रूपात आहे की, त्या स्वतःच्या अंगावरचीच वस्त्रे दाखवीत होत्या असा अर्थ पुष्कळ अभ्यासक घेतात. आणि 'ती करीत असे' हे अपूर्ण भूतकाळात आहे: एकदा केले असे नव्हे, करीत असे, त्यांच्याबरोबर होती तोवर. दुर्कसेने काही उपदेश केला असेल तर लूकाने त्यातला एकही शब्द नोंदवलेला नाही. तिच्याविषयीची साक्ष लोकांच्या अंगावर होती. त्या पडवीत मी हे वचन प्रथमच वाचले, असे म्हटले तरी चालेल.

मी ओट्यावर बसून होतो. आत जागा नव्हती, आणि भाऊ आत होता म्हणून मला जायचेही नव्हते. पहाटे केव्हातरी भिंतीला टेकून माझा डोळा लागला. जाग आली ती कोणी अंगावर काही घालीत होते त्यामुळे. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. मी तिला त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते, तरी कपाळावरून ती कोणाची ते कळले. ती म्हणाली, "काका, पाय उघडे पडलेत."

मी काही बोललो नाही. तिला ते चालले असावे, कारण ती शेजारीच बसली. मग तिने गोधडीचे एक टोक ओढून मला दाखवले. निळ्या रेघा, आणि शाईचा डाग पडलेला खिसा. आईने तो उसवला नव्हता. तीन बाजूंनी पक्का शिवून वरून उघडा ठेवला होता. मुलगी म्हणाली, "हा माझा खिसा आहे. आजी आली की यात गोळ्या ठेवायची." मग थोडे थांबून तिने विचारले, "हा शर्ट कोणाचा होता, तुम्हाला माहीत आहे?"

बंधुभगिनींनो, इब्री व ग्रीक या दोन्ही भाषांचा मी अभ्यास केला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मला मराठीत देता येईना. अकरा वर्षे ते लेकरू माझ्या सदऱ्याखाली निजले होते, आणि माझ्या आईने तिला तो कोणाचा ते सांगितले नव्हते. सांगितले असते तर त्याबरोबर तिच्या काकाचे वागणेही सांगावे लागले असते. ती ज्या हाताने भावाची चोरी झाकायला नाही म्हणाली होती, त्याच हाताने तिने मला झाकले होते. माझे पाप तर मी कबूलही केले नव्हते.

"माझा," मी म्हणालो.

उजाडल्यावर मी भावाला शोधले. तो विहिरीवर पाणी ओढत होता. मला मोठी वाक्ये सुचली होती, त्यांतले एकही आले नाही. मी म्हणालो की, तुझी गोष्ट मी ज्या-ज्या ठिकाणी सांगितली त्यांची संख्या माझ्या डायरीत आहे, सतरा. तो म्हणाला, "मला एकवीस ठाऊक आहेत." मग त्याने दोरीचे एक टोक माझ्या हातात दिले. दोन माणसांनी ओढली तर घागर लवकर वर येते.

त्या सतरांपैकी, किंवा एकवीसांपैकी, ज्या मंडळ्या मला आठवल्या त्यांना मी पुढे पत्रे लिहिली. तीन ठिकाणी परत जाऊन उभे राहून सांगितले की, त्या दृष्टांतातला खजिनदार आपले देणे केव्हाच फेडून बसला आहे, आणि दृष्टांत सांगणाऱ्याचे देणे अजून बाकी आहे. एके ठिकाणी लोकांना हे आवडले नाही. पाळकांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितले की, अशा गोष्टी व्यासपीठावरून न बोललेल्या बऱ्या. कदाचित त्यांचे खरे असेल.

आपल्या घरातही असा कोणी असेल, ज्याचे पाप उघड झाले, कबूल झाले, फेडलेही गेले, आणि तरी आपण त्याला अजून उघड्यावर ठेवले आहे. मी आपल्याला त्याचे पाप नाकारायला सांगत नाही. त्याच्या घरी कोणी आजारी आहे का, कोणाला बाळ झाले आहे का, एवढे विचारा. दुर्कस त्यांच्याबरोबर होती तोवरच ती शिवीत असे. माझ्या आईनेही शेवटच्या दोन वर्षांत सुई हातात घेतली नव्हती. डोळे गेले होते आणि धोतर संपले होते.

ती मुलगी आता परिचारिका होऊन बडोद्याला नोकरी करते. गेल्या वर्षी माझ्या मुलाला कन्यारत्न झाले. आमच्या घरात गोधडी शिवणारे कोणी उरले नाही, अशी हळहळ मी पत्नीजवळ बोलून दाखवली होती. ती कशी कोण जाणे, सुरतेला पोहोचली. मे महिन्यात भावाच्या पत्नीचा फोन आला. "दादा, एक जुना सदरा पाठवून द्या," ती म्हणाली. "खिशाचा असू द्या."